पहिली कळ, दुसरी कळ: दुष्काळ मोजतात तरी कसा?

ऑक्टोबर संपत आला की मोबाइलवर एक यादी फिरायला लागते. डावीकडे जिल्हा, मध्ये तालुका, उजवीकडे ‘गंभीर’ नाहीतर ‘मध्यम’. माणूस आधी आपला तालुका शोधतो, मग शेजारचा. दोन्ही नसले तर नुसता उसासा. पण शेजारचा आहे आणि आपला नाही, म्हटल्यावर पारावर एकच सवाल असतो: “त्यांच्याकडं पाऊस नव्हता, मग आमच्याकडं काय पूर आला होता का?”

२०२३ मध्ये ३१ ऑक्टोबरला अशी यादी आली. राज्यातल्या ३५८ तालुक्यांपैकी १५ जिल्ह्यांतल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यातल्या २४ मध्ये गंभीर आणि १६ मध्ये मध्यम. दहा-पंधरा दिवसांत दुसरा निर्णय आला आणि १,०२१ महसूल मंडळांत, म्हणजे तालुक्यातल्या काही काही गावांच्या गटांत, ‘दुष्काळसदृश’ परिस्थिती जाहीर झाली. या वेळी यादी तालुक्यांची नव्हती, मंडळांची होती, आणि शब्दही दुष्काळ नव्हता, दुष्काळसदृश होता. साहजिकच लोकांनी याला राजकारण म्हटलं. राजकारण असतं, नाही असं नाही. पण या याद्यांच्या मागे एक मोजणी असते आणि ती समजून घेतली, तर नेमकं कुठं बोट ठेवायचं ते कळतं. नाहीतर मोर्चा पर्जन्यमापकावर आणि चूक उपग्रहाच्या नकाशात, असं व्हायचं.

आधी जुनी पद्धत, कारण ती अजून गेलेली नाही. आणेवारी हा शब्द सोळा आण्यांच्या रुपयातला. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे, निम्मं म्हणजे आठ. दशमान नाणी आली, कागदावर आणेवारीची पैसेवारी झाली, बोलण्यात आणेवारीच राहिली. गावातल्या प्रमुख पिकांची काही शेतं निवडायची, १० मीटर बाय १० मीटरचा तुकडा दोरी लावून आखायचा, तेवढं पीक कापून मळून तोलायचं. गावाचं जे प्रमाण उत्पन्न ठरलेलं आहे ते १०० पैसे धरलं, तर यंदाचं किती? ५० च्या आत आलं की गाव टंचाईत. खरिपाची नजर पैसेवारी सप्टेंबरच्या सुमाराला, सुधारित ऑक्टोबरच्या सुमाराला, आणि अंतिम डिसेंबरात. पहिलीचं नावच ‘नजर’ आहे. नजर कुणाची, हे विचारायची पद्धत नाही.

या पद्धतीत एक गोष्ट चांगली होती आणि आहे: ती गावापर्यंत उतरते आणि शेवटी खरोखरच्या दाण्याला हात लावते. पण ती उत्तर देते तेव्हा साल संपलेलं असतं. शिवाय ती फक्त पीक बघते. विहिरीत किती पाणी आहे, गुरांना चारा मार्चपर्यंत पुरेल का, धरणाचा साठा काय, यातलं काहीच त्या पैशांत येत नाही. त्यात ५० च्या अलीकडे किंवा पलीकडे जाण्यावर कर्जवसुली आणि सवलती अवलंबून, त्यामुळे काटा दोन्ही बाजूंनी ओढला जातो.

२०१६ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वराज अभियान या संघटनेच्या याचिकेवर निकाल दिला आणि केंद्राला दुष्काळाची जुनी नियमावली बदलायला सांगितलं. त्याच वर्षअखेरीस दुष्काळ व्यवस्थापन संहिता २०१६ आली आणि महाराष्ट्राने पुढच्या वर्षी ती लागू केली. तेव्हापासून आपल्याकडे दुष्काळ ठरतो तो पाऊस, माती, पीक, हिरवळ, विहीर आणि धरण या सगळ्यांची दखल एकत्र घेऊन. निदान कागदावर तरी.

संहितेत एक निकष पुरा झाला की पुढची तपासणी सुरू होते. त्या ‘ट्रिगर’ला सरकारी मराठीने शब्द दिला ‘कळ’. पहिली कळ, दुसरी कळ. यंत्राची कळ दाबली की पुढचं चाक फिरतं, तशी. ज्याने हा शब्द सुचवला त्याला दुसरा अर्थ दिसला होता की नाही कोण जाणे. पोटात येते तीही कळच.

एकाचं ऐकून का भागत नाही

दुष्काळ भूकंपासारखा एका क्षणी येत नाही, पायरीपायरीने खाली उतरतो. पाऊस थांबला की पहिल्यांदा वरची माती सुकते. माती सुकली की आठ-पंधरा दिवसांत पिकाची पानं दुपारी मान टाकतात. पीक गेलं तरी विहिरीला काही आठवडे पाणी असतं. विहीर गेली तरी धरणात साठा असतो. सगळ्यांत शेवटी शहरातला नळ जातो.

लातूरला १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी पोचलं. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर, साधारण साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून. देशभर फोटो झळकले आणि लोकांना वाटलं दुष्काळ आत्ता पडला. पाऊस चुकला होता २०१४ आणि २०१५ च्या पावसाळ्यांत. शेतकऱ्याच्या घरी तो कधीच येऊन बसला होता. मांजरा धरण आटलं तेव्हा तो शहरात दिसला, इतकंच.

म्हणजे प्रत्येक मोजमाप दुष्काळाची एक पायरी दाखवतं. त्यातलं एकही खोटं बोलत नाही, पण प्रत्येकजण अर्धं सांगतो, आणि प्रत्येकाची अर्धं सांगण्याची तऱ्हा वेगळी. सगळ्यांना एकाच वेळी समोर बसवून एकमेकांसमोर बोलायला लावायचं, हीच एकत्रित मूल्यमापनाची सगळी कल्पना.

पाऊस: दारावरचा शिपाई

पहिली कळ पावसाची. ती हलली नाही तर बाकी कुणाला विचारलंच जात नाही. संहितेत दोन गोष्टी मुख्य धरल्या आहेत: सरासरीच्या तुलनेत तूट किती आणि पावसात खंड किती. सरासरीच्या १९ टक्के इकडे-तिकडे झालं तर ‘सामान्य’. २० ते ५९ टक्के कमी म्हणजे तूट, ६० च्या पुढे मोठी तूट. खंड म्हणजे मोसमी पाऊस सुरू होण्याच्या ठरलेल्या तारखेनंतर सलग तीन-चार आठवडे असे जाणं, की त्यातल्या प्रत्येक आठवड्यात नेहमीच्या निम्म्याहूनही कमी पाऊस झाला.

आता हा पाऊस मोजतो कोण? ‘महावेध’ योजनेत राज्यात मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रं बसली, सुरुवातीला दोन हजारांच्या थोडी वर. राज्याचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. भागाकार केला तर साधारण दीडशे चौरस किलोमीटरला एक केंद्र, आणि त्या केंद्रावरच्या पर्जन्यमापकाचं तोंड जेमतेम वीतभर. त्या वीतभर तोंडात पडलेलं पाणी दहा-पंधरा-वीस गावांच्या नावावर चढतं. जुलैतल्या झडीत हे चालून जातं, कारण झड सगळीकडे सारखी लागते. सप्टेंबरातला वळवासारखा पाऊस मात्र ओढ्याच्या अलीकडे कोसळतो आणि पलीकडे धुरळा उडत असतो. केंद्र अलीकडे असेल तर पलीकडच्यांचाही ‘पाऊस झाला’.

सरासरीची दुसरी गंमत. जुलैत दोन दिवस ढगफुटीसारखा पाऊस झाला, बांध फुटले, माती वाहून गेली. ते पाणी ओढ्याला लागून नदीला गेलं, हिशेबात मात्र राहिलं. मग ऑगस्ट कोरडा गेला तरी जून ते सप्टेंबरची बेरीज ८५ टक्के दिसते आणि तालुका ‘सामान्य’ ठरतो. हे पकडायला खंडाचा निकष आहे. पण तोही कसा निसटतो बघा. समजा तुमच्याकडे आठवड्याची सरासरी ४० मिलिमीटर आहे. दोन आठवडे कोरडे गेले. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी २२ मिलिमीटर पडला. निम्म्याच्या वर झाला म्हणजे खंड तुटला. चौथा आठवडा पुन्हा कोरडा. सोयाबीनच्या लेखी तो महिनाभराचा खंड, निकषाच्या लेखी दोन आठवड्यांचा.

आपल्या म्हाताऱ्यांनी हे वेगळ्या भाषेत सांगून ठेवलंय: न पडतील मघा, तर वरतीच बघा. मघा नक्षत्र ऑगस्टच्या उत्तरार्धातलं, सोयाबीन-मूग-उडदाच्या फुलाशेंगांचं. किती पडला याच्याइतकंच कधी पडला नाही हे महत्त्वाचं, असं ती म्हण सांगते. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. त्या वर्षीच्या ४० तालुक्यांची आणि १,०२१ मंडळांची मुळं त्या महिन्यात आहेत.

मंडळांसाठी निकष सरळ लावला होता: जून ते सप्टेंबर सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी पाऊस, शिवाय एकूण पाऊस ७५० मिलिमीटरपेक्षा कमी. दोन अटी कशाला? सातारा जिल्हा बघा. एका टोकाला महाबळेश्वर, वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर. दुसऱ्या टोकाला माण, जेमतेम पाचशेच्या आसपास. महाबळेश्वरला सरासरीच्या ७० टक्के पडला तरी तो माणच्या सात-आठ वर्षांचा पाऊस झाला. नुसती टक्केवारी लावली तर महाबळेश्वर दुष्काळी ठरेल. नुसते मिलिमीटर लावले तर माण कायमचाच दुष्काळी, चांगल्या सालातही. म्हणून दोन्ही.

आकाशातून दिसणारी हिरवळ

पहिली कळ हलली की दुसरीची पाळी. इथे चार गट आहेत: पेरणीचं क्षेत्र, उपग्रहावरून दिसणारी वनस्पतींची स्थिती, मातीतला ओलावा, आणि पाणी म्हणजे विहिरी-धरणं-नद्या. राज्याने यांतले तीन तरी घ्यायचे. यातला लोकांना सर्वांत गूढ वाटतो तो उपग्रह, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबू.

निरोगी पान लाल प्रकाश खातं, कारण त्याला अन्न करायला तो लागतो. आपल्या डोळ्यांना न दिसणारा, लालच्या जरा पलीकडचा प्रकाश मात्र ते आरशासारखा परत फेकतं. पान सुकलं की उलटं: लाल जास्त परततो, पलीकडचा कमी. उपग्रह हे दोन्ही मोजतो, त्यांची वजाबाकी करतो आणि त्यांच्याच बेरजेने भागतो. येणारा आकडा उणे एक ते एकच्या मध्ये असतो. उघडं माळरान शून्याच्या जरा वर, भरगच्च पीक ०.७ किंवा ०.८ च्या घरात.

हा आकडा एकटा निरुपयोगी आहे. कोकणातलं ०.४ म्हणजे काहीतरी बिघडलंय, आटपाडीतलं ०.४ म्हणजे बरं चाललंय. म्हणून प्रत्येक जागेची तुलना तिच्याशीच करतात. समजा एका भागात ऑगस्टच्या अखेरीस आजवर सर्वांत वाईट सालात ०.२० दिसलं होतं आणि सर्वांत चांगल्या सालात ०.७०. यंदा दिसतंय ०.३५. वाईटापासून यंदा ०.१५ वर, आणि वाईट ते चांगलं हे अंतर ०.५०. म्हणजे शंभरातले ३०. साठच्या वर असेल तर ठीक, चाळीस ते साठ मध्यम, चाळीसच्या खाली गंभीर. आपला ३० गंभीर ठरला. याला वनस्पती स्थिती निर्देशांक म्हणतात, आणि त्या भारदस्त नावामागे हे एवढंच त्रैराशिक आहे.

अडचणी सुरू होतात त्या हिरव्या रंगापाशी. उपग्रहाला हिरवं दिसतं. ते पीक आहे की गाजरगवत, की ओढ्याकाठची वेडी बाभूळ, हे सहजासहजी कळत नाही. तालुक्यात कालव्याखाली पाच-सहा गावांचा ऊस डोलत असेल तर सगळ्या तालुक्याची सरासरी तो वर उचलतो, आणि वरच्या अंगाची कोरडवाहू गावं त्या उसाच्या सावलीत झाकली जातात. ऑगस्टभर ढग असले की दिसतच नाही. मग काही दिवसांच्या चित्रांतून त्यातल्या त्यात स्वच्छ तेवढे तुकडे जोडून घ्यावे लागतात. आणि खंडानंतर सप्टेंबरात एक पाऊस झाला की बांधाबांधावर गवत उगवतं, नकाशा हिरवा होतो. पिकाचं जे व्हायचं ते तोवर होऊन गेलेलं असतं.

मातीचा ओलावा थोडक्यात सांगतो. पिकाला जेवढं पाणी हवं होतं आणि प्रत्यक्षात त्याला जेवढं मिळालं, यांचं गुणोत्तर काढतात. यात मातीचा पोत धरला जातो, म्हणून हा निर्देशांक पावसापेक्षा प्रामाणिक. खोल काळी जमीन तीन आठवड्यांचा खंड पोटातल्या ओलीवर काढते. हलकी मुरमाड जमीन दहाव्या दिवशी हात वर करते. एकाच पर्जन्यमापकाखाली दोन्ही असतात. पेरणीच्या क्षेत्राचं मात्र मला फारसं कौतुक नाही. जूनच्या एका पावसावर लोक पेरून मोकळे होतात, त्यामुळे पेरा बहुधा ‘पूर्ण’च दिसतो. दुबार पेरणीचं बियाणं कोणत्या दुकानातून उधारीवर आलं, हे त्या टक्केवारीत नसतं.

विहिरीत सोडलेली टेप

मला स्वतःला सगळ्यांत आवडतं ते विहिरींचं मोजमाप, कारण त्यात लपवाछपवीला जागा नाही. पुण्यात मुख्यालय असलेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभर साडेतीन हजारांहून जास्त निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेते: पावसाळा संपताना, जानेवारीत, मार्चमध्ये आणि मे महिन्यात. या विहिरी बहुतेक साध्या, शेतकऱ्यांच्याच. कठड्यावर रंगाने एक खूण केलेली असते. मोटर बंद आहे ना, हे आधी बघायचं. मग खुणेपासून टेप खाली सोडायची, पाण्याला टेकली की आकडा वाचायचा, त्यातून कठड्याची उंची वजा करायची. जमिनीपासून पाणी किती खोल ते मिळालं. ही खूण कुणी चुना लावून पुसली आणि पुढच्या वेळी टेप भलत्याच बाजूने सोडली, तर पंधरा-वीस सेंटीमीटरचा ‘दुष्काळ’ उगाच पडतो.

विहिरीचा आकडा वाचायला खालचा खडक माहीत लागतो. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टवर बसलाय. विहीर खणणाऱ्याला विचारा: वर मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे छिद्राछिद्रांचा खडक, मध्येच कुठं गेरूचा लाल पट्टा, मग काळा पाषाण. पाणी राहतं मुरमात आणि मांजऱ्याच्या भेगांत; पाषाण कोरडाच. भूजलाच्या हिशेबात मुरलेल्या, भेगाळलेल्या बेसाल्टसाठी २ टक्के धरतात. म्हणजे एक मीटर जाडीचा भिजलेला थर उपसला तर हाती लागणारं पाणी फक्त दोन सेंटीमीटर. तापीकाठच्या वाळूच्या गाळात हाच आकडा १६ टक्क्यांपर्यंत जातो.

आता उलटा विचार करा. आपल्या बेसाल्टात वीस मिलिमीटर पाणी मुरलं की विहीर एक मीटर वर येते. म्हणूनच दोन चांगल्या पावसांत विहीर तुडुंब दिसते आणि डिसेंबरात चार मोटरी लागल्या की तळ दिसतो. सप्टेंबरातल्या तुडुंब विहिरीचा फोटो टाकून ‘जलसंधारणाचं यश’ म्हणणाऱ्यांनी तोच फोटो मार्चमध्ये टाकावा.

तर विहिरीची तुलनाही तिच्याशीच, मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी. पाऊस २० टक्क्यांहून जास्त कमी आणि पातळी एक मीटरहून जास्त खाली, असं दोन्ही जुळलं की त्या भागातली गावं संभाव्य टंचाईच्या यादीत जातात. कुठं ऑक्टोबर ते डिसेंबरातच चणचण, कुठं जानेवारीनंतर, कुठं एप्रिलनंतर, असा अंदाजही काढला जातो. टँकरचं नियोजन यावर बेतायचं असतं.

धरणांच्या बाबतीत एकच सांगतो. जायकवाडी पैठणला आहे, पण ते पैठणच्या पावसाने भरत नाही. ते भरतं नाशिक-नगरच्या पावसाने, वरच्या धरणांतून सुटलेल्या पाण्याने. त्यामुळे मराठवाडा कोरडा आणि नाथसागर भरलेला, किंवा मराठवाड्यात बरा पाऊस आणि नाथसागर निम्मा, असं दोन्ही होतं. धरणाचा साठा तालुक्याच्या तक्त्यात मांडताना हे ज्याच्या लक्षात राहत नाही, त्याचा तक्ता सुंदर आणि चुकीचा असतो.

मग कुणीतरी शेतात उतरतं

निवडलेले तिन्ही गट बिघडलेले निघाले तर गंभीर, दोन निघाले तर मध्यम. दुसरी कळ लागली की तिसरं काम उरतं, त्याला सत्यमापन म्हणतात. तालुक्यातली १० टक्के गावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची आणि तलाठी, कृषी सहायक यांनी शेतात जाऊन बघायचं. (तलाठ्याचं आता ग्राम महसूल अधिकारी झालंय. गावात भाऊसाहेबच.) नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राने ‘महामदत’ नावाचं ॲप केलं, फोटो काढला की जागेचे अक्षांश-रेखांश त्याबरोबर जातात. ऑफिसात बसून भरायची सोय त्यामुळे बरीच कमी झाली. पिकाचं नुकसान ३३ टक्क्यांच्या आत असेल तर दुष्काळ नाही, ३३ ते ५० मध्यम, ५० च्या वर गंभीर.

अशा एका पाहणीच्या मागे मागे मी फिरलो होतो. गावाचं नाव राहू द्या. सोयाबीन कमरेला लागत होतं, पानं अजून हिरवी. तरुण कृषी सहायकाने फोन वर केला तसा शेतकरी म्हणाला, “थांबा साहेब, वरून काढू नका. वरून ते मलाबी चांगलं दिसतंय.” त्याने एक झाड उपटलं, उलटं धरलं, चार-पाच शेंगा नखाने उकलल्या. आत दाण्याच्या जागी चपट्या, पापुद्र्यासारख्या खपल्या. एका शेंगेत एक दाणा भरला होता, तो त्याने मुद्दाम हातावर ठेवून दाखवला, की बघा, खोटं बोलत नाही. शेंगा भरायच्या वेळी पाणी नसेल तर असंच होतं. झाडाला पिकायचं कारणच उरत नाही, म्हणून ते हिरवं राहतं. सहायकाने मग दोन फोटो काढले, एक उभ्या पिकाचा आणि एक तळहाताचा. ॲपला दोन्ही चाललं.

२०१८ मध्ये १८० तालुक्यांत दुसरी कळ लागली होती. शेतात उतरून आल्यावर ३१ ऑक्टोबरला जाहीर झाले १५१, त्यातले ११२ गंभीर आणि ३९ मध्यम. सत्यमापनाचं वजन एवढं आहे. पण त्यातली एक बाजू फारशी बोलली जात नाही: सत्यमापन फक्त यादीतून नाव काढू शकतं, घालू शकत नाही. पहिल्या कळीत न बसलेल्या तालुक्यात कुणी उतरतच नाही. शेंगा उकलून दाखवायला तिथं माणूस उभा असतो, बघायला कुणी येत नसतं. माझ्या मते या सगळ्या मोजणीतला खरा दोष उपग्रहात नाही, पावसाला दारावर बसवण्यात आहे. इतर निर्देशांक पावसाची चूक सुधारायला हवेत, पण त्यांना आत घ्यायचं की नाही हे पाऊसच ठरवतो.

दुसरा दोष तालुका हे माप. तालुका आखला गेला वसुलीसाठी, पाणी बघून नव्हे. एकाच तालुक्यात घाटमाथा असतो, कालवा असतो, उघडा माळही असतो. २०२३ ला मंडळांची यादी वेगळी काढावी लागली ती यामुळे. मंडळांना ‘सदृश’ म्हटलं कारण ती संहितेच्या पायऱ्या चढून आलेली नव्हती. राज्याने स्वतःच्या अधिकारात दिलेली सूट होती. सवलती मात्र जवळपास त्याच: जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, परीक्षा शुल्काची माफी, रोजगार हमीच्या निकषांत ढील, गरजेप्रमाणे टँकर, आणि टंचाईच्या गावात पंपाची वीज न तोडणं. फरक पडतो तो केंद्राच्या आपत्ती निधीच्या दारात. ते दार मुख्यतः ‘गंभीर’साठी उघडतं.

ओल्या दुष्काळाचं काय, हा प्रश्न हल्ली दरवर्षी येतो. तो शब्द भाषणांत आहे, संहितेत नाही. अतिवृष्टीची भरपाई वेगळ्या खात्यातून आणि वेगळ्या निकषाने होते: मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर. तिथेही तेच वीतभर तोंड.

हिवरे बाजारने या सगळ्याची वाट बघणं कधीच सोडून दिलं. पोपटराव पवारांच्या या गावात पाऊस गावातच मोजतात आणि पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात: पडलं किती, मुरलं किती, माणसांना आणि गुरांना किती ठेवायचं, उरलेल्यात कोणतं पीक बसतं. कमी पडल्याच्या साली रब्बीला कात्री लागते. ऊस आणि केळी नाही, शेतीसाठी बोअर नाही, हे आधीपासूनच ठरलेलं. संहितेत जे निर्देशांक सहा खात्यांतून गोळा होतात, ते इथे एका फळ्यावर असतात, आणि निर्णय घेणारे समोर सतरंजीवर बसलेले.

बाकीच्या गावांसाठी कामाची गोष्ट एवढीच, की वाद घालताना कोणता आकडा वादात आहे ते आधी बघा. मंडळाचा रोजचा पाऊस सरकारी संकेतस्थळावर दिसतो. शाळेत एक साधा पर्जन्यमापक ठेवून ऑगस्टभर नोंद केली, तर ‘आमच्याकडं पडलाच नाही’ला तारखा मिळतात. आपल्या शिवारात निरीक्षण विहीर आहे का आणि कोणती, हे गावातल्या बहुतेकांना माहीत नसतं; विचारलं तर सांगतात. आणि तालुका यादीतून सुटला तरी पैसेवारीचा दरवाजा उघडा असतो. २०१८ च्या यादीबाहेर राहिलेल्या हजारो गावांना पुढच्या काही महिन्यांत सवलती मिळाल्या त्या अंतिम पैसेवारीच्या जोरावर. त्यामुळे काढणीच्या वेळी दोरी घेऊन एक आर आखायला माणसं येतात, तेव्हा कोणत्या शेतात आखतात ते बघायला चार जणांनी तरी बांधावर हजर असावं. बहुतेक वेळा त्या दिवशी बांधावर कुत्रंही नसतं.